आइस हॉकीतला एन्फोर्सर आणि त्याच्या कारकिर्दीची उतरण

उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सांघिक खेळांपैकी फक्त आइस हॉकीतच असे घडते, की भर सामन्यात दोन खेळाडू हातमोजे टाकून एकमेकांना ठोसे लगावतात आणि तरीही त्यांना सामन्यातून काढून टाकले जात नाही. नॅशनल हॉकी लीग, म्हणजेच एनएचएल, ही तिथली अव्वल व्यावसायिक स्पर्धा. तिच्या नियमानुसार मारामारी करणाऱ्या दोघांनाही पाच मिनिटे पेनल्टी बॉक्समध्ये बसावे लागते आणि ती वेळ सरली की दोघेही पुन्हा खेळायला मोकळे होतात. शिक्षा दोन्हीकडे सारखीच असल्यामुळे कोणत्याच संघाला कमी माणसांनिशी खेळावे लागत नाही. रेषापंच मध्ये पडतात ते बहुधा दोघांपैकी एक जण बर्फावर कोसळल्यावर, किंवा दोघांच्याही हातांतले बळ संपत आल्यावर.

या सवलतीच्या आधारावर एक वेगळा पेशा उभा राहिला, तो एन्फोर्सरचा. संघातल्या नाजूक चणीच्या, गोल करणाऱ्या खेळाडूंना कोणी मुद्दाम धडक दिली, कोपर मारले किंवा काठीने फटकावले, तर त्याचा हिशेब चुकता करायचा आणि असा हिशेब होणार या धाकानेच समोरच्यांना आवरून धरायचे, एवढे त्याचे काम असे. एडमंटन ऑयलर्सकडून खेळताना वेन ग्रेट्झकीने विक्रमांची रास रचली, तेव्हा त्याच्या आसपास आधी डेव्ह सेमेंको आणि नंतर मार्टी मॅकसॉर्ली हे दोघे उभे असत. ऑगस्ट १९८८मध्ये ग्रेट्झकीला लॉस एंजेलिस किंग्जकडे देण्यात आले, तेव्हा त्याच सौद्यात मॅकसॉर्लीही गेला. त्याआधी सत्तरच्या दशकात फिलाडेल्फिया फ्लायर्सने धाकदपटशालाच डावपेच बनवले होते आणि त्या संघाच्या डेव्ह शुल्ट्झने १९७४-७५च्या एका हंगामात ४७२ मिनिटांची शिक्षा भोगली होती. एका हंगामातला तो विक्रम अजून मोडलेला नाही. त्या वर्षी आणि त्याच्या आदल्या वर्षीही एनएचएलच्या विजेतेपदाचा स्टॅन्ले कप फ्लायर्सनेच जिंकला, त्यामुळे बाकीच्या संघांनी घ्यायचा तो धडा घेतलाच.

या माणसांच्या तरुणपणाच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. मला त्यांची शेवटची वर्षे जास्त महत्त्वाची वाटतात, कारण खेळाने त्यांच्याकडून काय घेतले आणि बदल्यात काय दिले, हे त्याच वर्षांत स्पष्ट दिसते.

आधी संघाची रचना समजून घ्यायला हवी. एका सामन्यासाठी संघाला अठरा खेळाडू आणि दोन गोलरक्षक सज्ज करता येतात. अठरांपैकी साधारणपणे बारा आघाडीचे असतात आणि ते तिघातिघांच्या चार फळ्यांत विभागलेले असतात. प्रत्येक फळी पाऊण मिनिट जीव तोडून खेळते, मग दुसरी फळी बर्फावर उतरते. पहिल्या फळीतला नामवंत खेळाडू साठ मिनिटांच्या सामन्यात वीस मिनिटे खेळतो. एन्फोर्सरची जागा चौथ्या फळीत असते आणि त्याच्या वाट्याला पुष्कळदा पाच मिनिटेही येत नाहीत. म्हणजे बहुतेक संध्याकाळ त्याने बाकावर बसून काढायची आणि प्रशिक्षकाचा हात पाठीवर पडला की उठायचे. ही जागा त्याच्याकडे टिकते ती केवळ प्रशिक्षकाला तिची गरज वाटते म्हणून. खेळाच्या जोरावर ती जागा मिळवता आली असती, तर तो वरच्या फळीत गेला असता.

म्हणूनच त्याचे वय होणे इतर खेळाडूंच्या वय होण्यासारखे नसते. क्रिकेटमधल्या वेगवान गोलंदाजाचा वेग पस्तिशीत कमी झाला, तर तो स्विंगवर, टप्प्यावर, अनुभवावर आणखी दोन-तीन वर्षे काढतो. हॉकीतला गोल करणारा खेळाडूही पाय जड झाल्यावर जागा हेरून उभे राहायला शिकतो. एन्फोर्सरकडे मागे सरकून उभे राहायला अशी जागाच नसते. मारामारी थांबवली तर त्याला संघात ठेवण्याचे कारण उरत नाही आणि मारामारी चालू ठेवली तर शरीर साथ देत नाही.

हे शरीर कुठे झिजते, ते नीट पाहायला हवे. बर्फावरच्या मारामारीत पायाखाली आधार नसतो, म्हणून दोघेही एका हाताने समोरच्याची जर्सी खांद्यापाशी घट्ट पकडतात आणि दुसऱ्या हाताने मारतात. पकडणाऱ्या हाताचा खांदा ओढाताणीत खिळखिळा होतो. मारणाऱ्या हाताचे ठोसे मऊ गालावर क्वचितच पडतात. ते बहुधा हेल्मेटच्या कडक कवचावर, डोळ्यांपुढच्या व्हायझरवर किंवा कपाळाच्या हाडावर बसतात. त्यामुळे बोटांच्या पेरांची हाडे पुन्हा पुन्हा मोडतात, जखमा चिघळतात आणि हंगामाच्या मध्यावर सुजलेला हात हातमोज्यात कसाबसा कोंबावा लागतो. हंगाम ऐंशीहून अधिक सामन्यांचा असतो, त्यामुळे हाड जुळून येईपर्यंत थांबण्याची चैन चौथ्या फळीतल्या माणसाला परवडत नाही, कारण तो बाहेर बसला की त्याच्या जागी धडधाकट तरुण येतो. मग वेदनाशामक गोळ्या येतात. डेरेक बूगार्ड हा सहा फूट सात इंच उंचीचा खेळाडू एनएचएलमध्ये २७७ सामने खेळला, त्यात त्याने तीन गोल केले आणि तरीही न्यूयॉर्क रेंजर्सने २०१०मध्ये त्याच्याशी ६५ लाख डॉलरचा चार वर्षांचा करार केला. डिसेंबर २०१०मधल्या एका मारामारीत डोक्याला मार बसल्यावर तो पुन्हा खेळू शकला नाही. मे २०११मध्ये मद्य आणि ऑक्सिकोडोन या वेदनाशामकाच्या मिश्रणाने त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याला उतरत्या वयापर्यंत पोहोचताच आले नाही.

जे पोहोचतात, त्यांना आणखी एक गोष्ट छळते. नाव झालेल्या माणसाला हरवून आपले नाव करावे, असे प्रत्येक नवख्याला वाटते. कनिष्ठ लीगमधून वर आलेला वीस-बावीस वर्षांचा मुलगा पहिल्याच आठवड्यात सर्वांत जुन्या, सर्वांत प्रसिद्ध एन्फोर्सरला आव्हान देतो आणि त्या जुन्या माणसाला नाही म्हणता येत नाही, कारण नकाराची बातमी लीगभर पसरते. वेळापत्रक आधीच जाहीर असल्यामुळे पुढच्या मंगळवारी आपल्यासमोर कोण उभा राहणार, हे त्याला आठवडाभर ठाऊक असते. या प्रतीक्षेत झोप उडते, जेवण जात नाही, चित्रपट पाहायला बसले तरी लक्ष लागत नाही, असे अनेक माजी एन्फोर्सरनी निवृत्तीनंतर उघडपणे सांगितले आहे. ठोशापेक्षा ठोशाची वाट पाहणे जड जाते. प्रेक्षकांना तीस सेकंदांची झटापट दिसते, त्यामागचा आठवडा दिसत नाही.

मॅकसॉर्लीच्या कारकिर्दीचा शेवट या संदर्भात तपशिलाने पाहण्यासारखा आहे. तो नुसता ठोसेबाज नव्हता. ९६१ सामन्यांत १०८ गोल करणाऱ्या माणसाला खेळता येत नव्हते, असे कोणी म्हणणार नाही. पण फेब्रुवारी २०००मध्ये तो छत्तीस वर्षांचा होता आणि बोस्टन ब्रुइन्सच्या पडेल संघात होता. २१ फेब्रुवारीला व्हँकूव्हरमधल्या सामन्याच्या सुरुवातीलाच त्याची व्हँकूव्हर संघाच्या डोनाल्ड ब्रॅशियरशी मारामारी झाली. ब्रॅशियर त्याच्याहून जवळपास नऊ वर्षांनी लहान आणि त्या काळातला सर्वांत दणकट एन्फोर्सर होता. त्याने ती मारामारी सहज जिंकली आणि जाताना बोस्टनच्या बाकाकडे पाहून हात झटकले. जुन्या माणसाला सर्वांसमोर मिळालेली ती पावती होती. त्यानंतर ब्रॅशियर बोस्टनच्या गोलरक्षकावर आदळला आणि गोलरक्षक जायबंदी होऊन बाहेर गेला. आता संघाच्या वतीने जाब विचारणे मॅकसॉर्लीचे काम ठरले. तो पुढचा सारा वेळ ब्रॅशियरला पुन्हा मारामारीसाठी डिवचत राहिला. सामना हातात असलेल्या ब्रॅशियरला त्याची काहीच गरज नव्हती, म्हणून त्याने दाद दिली नाही.

सामना संपायला तीन सेकंद उरले असताना मॅकसॉर्लीने मागून येऊन काठी फिरवली आणि ती ब्रॅशियरच्या कानशिलावर बसली. ब्रॅशियर मागे कोसळला, डोके बर्फावर आपटले, त्याला झटके आले आणि मेंदूला गंभीर मार बसल्याचे निष्पन्न झाले. पुढे ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायालयात खटला उभा राहिला. आपण खांद्यावर फटका मारून त्याला आपल्याकडे वळवू पाहत होतो, असा मॅकसॉर्लीचा बचाव होता. ऑक्टोबर २०००मध्ये न्यायालयाने त्याला शस्त्राने हल्ला केल्याबद्दल दोषी ठरवले. लीगने त्याच्यावर एक वर्षाची बंदी घातली आणि त्यानंतर तो एनएचएलमध्ये एकही सामना खेळला नाही. त्या फटक्याचे समर्थन करता येत नाही आणि मी ते करत नाही. परंतु ठोशांच्या भाषेत आपले म्हणणे मांडण्यात सारी हयात गेलेल्या माणसाला, त्याच भाषेत कोणी उत्तर देईनासे झाल्यावर, दुसरी कोणतीच भाषा येत नव्हती, हे त्या शेवटच्या अर्ध्या तासात पुरेपूर दिसते.

दरम्यान खेळही बदलत होता. मारामारीची सुरुवात करणाऱ्याला जास्तीची शिक्षा देणारा नियम १९९२मध्ये कडक झाला आणि समोरच्याने नकार दिला तर त्याच्यावर तुटून पडणे महाग पडू लागले. त्याहून मोठा बदल २००५मध्ये झाला. मालक आणि खेळाडू यांच्यातल्या वादामुळे २००४-०५चा संपूर्ण हंगाम रद्द झाला होता. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा लांब पास देण्यावरचे बंधन उठवले गेले आणि वेगवान खेळाडूला धरून ठेवणे, अडवणे यांवर पंच काटेकोर शिक्षा देऊ लागले. खेळाचा वेग वाढला. त्याच वेळी प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा आली. पाच मिनिटे खेळणाऱ्या आणि पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, हाताळता न येणाऱ्या माणसावर त्यातला वाटा खर्च करावा का, असा प्रश्न व्यवस्थापकांना पडणे साहजिक होते. चारही फळ्या वेगाने खेळू शकणारा संघ जिंकू लागला आणि चौथ्या फळीतला जड, संथ एन्फोर्सर हा भार ठरू लागला. २००८-०९च्या हंगामात एनएचएलमध्ये सातशेहून अधिक मारामाऱ्या झाल्या होत्या. दहा वर्षांनी ती संख्या अडीचशेच्या आत आली.

या शेवटच्या पिढीतला जॉन स्कॉट हा सहा फूट आठ इंच उंच आणि सुमारे ११८ किलो वजनाचा खेळाडू. मिशिगन टेक विद्यापीठात त्याने मेकॅनिकल इंजिनिअरिंगचे शिक्षण घेतले होते. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्या निवडीत, कोणत्याही संघाने त्याला घेतले नव्हते. मिनेसोटा, शिकागो, न्यूयॉर्क, बफेलो, सॅन होजे, ॲरिझोना असे संघ बदलत त्याने जवळजवळ आठ हंगाम काढले आणि २८० हून अधिक सामन्यांत पाच गोल केले. सतत संघ बदलणे हे या पेशाच्या उतरणीचेच लक्षण आहे. एकेका वर्षाचा करार, दर उन्हाळ्यात नवे शहर, मुलांची नवी शाळा आणि हंगामाच्या मध्यावर कनिष्ठ लीगमध्ये पाठवले जाण्याची टांगती तलवार.

२०१५च्या अखेरीस एनएचएलने ऑल-स्टार सामन्याच्या, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्याच्या, कर्णधारांसाठी चाहत्यांचे मतदान घेतले, तेव्हा काही जणांनी गंमत म्हणून स्कॉटचे नाव पुढे केले आणि बघता बघता पॅसिफिक विभागात तोच पहिला आला. त्या वेळी त्या हंगामात तो ॲरिझोनाकडून जेमतेम अकरा सामने खेळला होता. पुढे जे झाले ते मला अजूनही खटकते. आपण माघार घ्यावी म्हणून आपल्यावर दबाव आणला गेला आणि ‘तुमच्या मुलांना याचा अभिमान वाटेल का’ अशा अर्थाचा प्रश्न लीगच्या एका माणसाने आपल्याला विचारला, असे स्कॉटने नंतर आपल्या लेखात जाहीरपणे सांगितले. त्याने माघार घेतली नाही. जानेवारी २०१६च्या मध्यावर त्याला मॉन्ट्रियलकडे देण्यात आले आणि मॉन्ट्रियलने त्याला लगेच न्यूफाउंडलंड बेटावरच्या सेंट जॉन्सच्या कनिष्ठ संघात धाडले. त्याची पत्नी तेव्हा जुळ्यांच्या वेळी गरोदर होती आणि प्रसूतीला थोडेच दिवस उरले होते. ॲरिझोनाहून खंडाच्या दुसऱ्या टोकाला बिऱ्हाड हलवायचे म्हणजे काय, हे बदलीची नोकरी करणाऱ्या कोणत्याही घराला कळेल.

लोकांचा रोष पाहून लीगने अखेर त्याला खेळू दिले. ३१ जानेवारी २०१६ रोजी नॅशव्हिलमध्ये, तिघांविरुद्ध तिघे अशा मोकळ्या पद्धतीच्या सामन्यात, स्कॉटने पहिल्याच लढतीत दोन गोल केले. त्याचा संघ अंतिम लढत १-० अशी जिंकला. सर्वोत्तम खेळाडूसाठी ठेवलेल्या पर्यायांत त्याचे नावही नव्हते, तरी चाहत्यांनी ट्विटरवर त्याचेच नाव लिहिले आणि पुरस्कार त्याला द्यावा लागला. त्या वेळचे सर्वोत्तम खेळाडू त्याला खांद्यावर उचलून मिरवत होते. त्यानंतर मॉन्ट्रियलकडून तो एनएचएलचा एकच सामना खेळला आणि डिसेंबर २०१६मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. या प्रसंगाकडे अनेक जण मौज म्हणून पाहतात. माझ्या मते त्यात खेळाच्या व्यवस्थेची एक वृत्ती उघडी पडली. एन्फोर्सरच्या मुठींवर तिकिटे विकली जात होती तोवर तो चालत होता आणि सणासुदीच्या दिवशी तो दर्शनी भागात दिसणे मात्र नको होते.

आता मेंदूविषयी. डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराने क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफलोपॅथी, म्हणजे सीटीई हा आजार होऊ शकतो. यात टाऊ नावाचे प्रथिन मेंदूत विकृत स्वरूपात साचत जाते आणि स्मरणशक्ती, मनःस्थिती व रागावरचा ताबा यांवर हळूहळू परिणाम होतो. प्रत्येक मार बेशुद्ध करण्याइतका असावा लागत नाही. वर्षानुवर्षे बसलेले, जाणवलेही नसतील असे लहान धक्के साठत जातात. या आजाराचे पक्के निदान आजही मृत्यूनंतर मेंदूचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण करूनच होते. त्यामुळे पन्नाशीतला माजी एन्फोर्सर गोष्टी विसरू लागला, तर हे वय आहे, नैराश्य आहे की सीटीई, हे त्याला खात्रीने कोणीच सांगू शकत नाही. बॉब प्रोबर्ट हा डेट्रॉइट आणि शिकागोचा नामांकित एन्फोर्सर २०१०मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेला आणि पुढच्या वर्षी बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच्या मेंदूत सीटीई असल्याचे जाहीर केले. टॉड युएन या दुसऱ्या माजी एन्फोर्सरला आपल्याला हाच आजार झाला आहे, अशी धास्ती वाटत होती. २०१५मध्ये तो गेल्यानंतर झालेल्या पहिल्या तपासणीत आजार आढळला नाही, पण नंतर दुसऱ्या प्रयोगशाळेने केलेल्या परीक्षणात तो आढळला. त्याच्या पत्नीने मधली वर्षे त्या पहिल्या अहवालासह कशी काढली असतील, याची कल्पनाही करवत नाही.

कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९६७नंतरच्या एनएचएल खेळाडूंची तुलना केली. एन्फोर्सर आणि त्यांच्याच उंचीचे, वजनाचे इतर खेळाडू यांच्यात मृत्यूंची एकूण संख्या जवळपास सारखी निघाली. पण जे एन्फोर्सर गेले, ते दुसऱ्या गटापेक्षा सरासरी दहा वर्षे आधी गेले आणि त्यांच्या मृत्यूच्या कारणांत आत्महत्या आणि औषधांचा अतिरेक ही कारणे ठळक होती. ही संख्या लहान आहे, त्यामुळे निष्कर्ष जपूनच काढायला हवेत, तरी ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

माजी खेळाडूंनी २०१३मध्ये लीगवर खटला भरला. डोक्याच्या दुखापतींचे धोके लीगने आपल्याला सांगितले नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. सर्व माजी खेळाडूंच्या वतीने एकत्रित दावा चालवायला न्यायालयाने २०१८मध्ये परवानगी नाकारली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तीनशेहून अधिक खेळाडूंशी १ कोटी ८९ लाख डॉलरची तडजोड झाली. दावा लावणाऱ्या प्रत्येकाच्या हाती सुमारे २२ हजार डॉलर आले, शिवाय मेंदूच्या तपासणीचा आणि काही प्रमाणात उपचारांचा खर्च मिळण्याची सोय झाली. लीगने कोणतीही जबाबदारी मान्य केली नाही. ज्या माणसाचा हात मोडला, खांदा निखळला आणि झोप कायमची उडाली, त्याच्या उरलेल्या आयुष्याच्या मानाने ही रक्कम तुटपुंजी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आजच्या एनएचएलमध्ये वय झालेला एन्फोर्सर टिकतो तो पेशा अर्धा बदलूनच. १९८७मध्ये जन्मलेला रायन रीव्हज हे त्याचे उत्तम उदाहरण. २०१८मध्ये व्हेगास गोल्डन नाइट्सकडून खेळताना त्याने विनिपेगविरुद्ध, म्हणजे आपल्याच जन्मगावाच्या संघाविरुद्ध, निर्णायक गोल केला आणि पहिल्याच हंगामातल्या व्हेगासला स्टॅन्ले कपच्या अंतिम फेरीत नेले. अंगाने धडका देणे, ड्रेसिंग रूममध्ये तरुणांना आधार देणे आणि गरज पडली तरच हातमोजे टाकणे, अशा रीतीने त्याने पस्तिशी ओलांडली. दुसरीकडे, प्रिन्स्टनचा पदवीधर असलेला जॉर्ज पॅरोस २०१३मध्ये एका मारामारीत तोंडावर बर्फावर आपटला, त्या हंगामानंतर निवृत्त झाला आणि २०१७पासून लीगच्या खेळाडू सुरक्षा विभागाचा प्रमुख म्हणून इतरांच्या शिक्षा ठरवतो आहे. बाकीच्यांना एवढी वाट सापडत नाही. ब्रॅशियरसारखे काही जण एनएचएल संपल्यावर क्युबेकमधल्या, मारामाऱ्यांसाठीच ओळखल्या जाणाऱ्या निमव्यावसायिक लीगमध्ये चाळिशीच्या आसपासही खेळत राहिले.

त्याच क्युबेकमध्ये सोळा ते वीस वर्षांच्या मुलांच्या प्रमुख ज्युनियर लीगने २०२३पासून मारामारी करणाऱ्याला सामन्यातून थेट बाहेर काढायला सुरुवात केली आहे. ऑन्टारिओच्या ज्युनियर लीगने त्याआधीच एका हंगामातल्या मारामाऱ्यांवर मर्यादा घातली होती. एन्फोर्सर घडत आले ते याच लीगमधून, सतराव्या-अठराव्या वर्षी कोणीतरी त्यांना ‘तू खेळणार नाहीस, तू लढशील’ असे सांगितले म्हणून.